बोन्सायचं खोड जाड करायचंय? आधी कात्री लपवा

माझा पहिला फायकस (वड-पिंपळाच्या जातकुळीतलं झाड) तीन वर्षं पेन्सिलीएवढाच राहिला, कारण मी दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन बसायचो आणि वर तो उथळ ट्रेमध्ये लावलेला, म्हणजे दोन्हीकडून उपाशी. उथळ ट्रे आणि सततची छाटणी ही झाड लहान ठेवायची साधनं आहेत हो, जाड करायची नाहीत.

होतं काय, सालीच्या आत कॅम्बियम नावाचा पातळ थर असतो, तो आतल्या बाजूला नवीन लाकूड घालत जातो आणि त्याला माल पुरवतात पानं. पानं कापली की माल बंद. म्हणून रोप सरळ जमिनीत लावा, लावताना मुळांखाली फरशीचा एक तुकडा ठेवा म्हणजे मुळं खाली न घुसता चारी बाजूंना पसरतात आणि बुंधा पायथ्याशी रुंद होतो. जमीन नसेल तर मोठी कुंडी किंवा जाळीची टोपली, तिच्या भोकाशी आलेलं मूळ हवेत सुकतं आणि मागून बारीक मुळं फुटतात. ऊन भरपूर, वाढीच्या दिवसांत खत नियमित, आणि मग हात आवरा. झाड वेडंवाकडं ताडमाड वाढणार, वाढू दे.

आता खरी गंमत. बुंध्याजवळची एक फांदी, शक्यतो मागच्या बाजूची, न कापता मोकाट सोडायची, हिला सॅक्रिफाइस ब्रँच म्हणतात कारण शेवटी ती जाणारच असते. ती जिथून फुटलीय त्याच्या खालचंच खोड ती फुगवते, वरचं नाही, म्हणून खाली जाड वर निमुळतं असा आकार मिळतो. तिची सावली बाकीच्यांवर पडत असेल तर आतली पानं काढा पण शेंडा ठेवा, शेंडा गेला की तिचा जोर गेला. आणि फार जाड व्हायच्या आत कापा, नाहीतर जखम भरायला वर्षं लागतात.

बुंधा मनासारखा झाला की खोडच छाटायचं, वाढीचा हंगाम सुरू होताना, ठरवलेल्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर. फायकस उघड्या खोडातूनही फुटतो (पांढरा चीक येईल, पुसून घ्या). पाइन-ज्युनिपरसारख्या सूचिपर्णी झाडांना मात्र असं कापू नका, कापाच्या खाली हिरवी फांदी नसेल तर बहुतेक वेळा तेवढा भाग मरतो. त्याच वेळी मुळांना हात लावू नका, एका वेळी एकच धक्का पुरे. फुटव्यांमधला एक निवडून त्याला तार लावून वर वळवा आणि पुन्हा मोकाट सोडा, तो खालच्या खोडाच्या अर्ध्याहून जास्त जाड झाला की परत छाटणी. अशा दोनतीन फेऱ्या लागतात.

तार मात्र दर आठवड्याला बघत जा, जोरात वाढणाऱ्या फांदीत ती कधी रुतते कळतही नाही, माझ्या एका झाडावर ते स्क्रूसारखे वळ अजून दिसतात.