अँटिबॉडीवरची साखर आणि कोविडची तीव्रता: या चुका टाळा

कोविडने गंभीर आजारी पडलेल्यांच्या अँटिबॉडीवर फ्यूकोज नावाची साखर कमी असते, हे ॲमस्टरडॅम आणि स्टॅनफर्डच्या गटांनी २०२१ च्या सुमारास दाखवले. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हा विषय वरचेवर दिसतो, आणि गोंधळही तेच ते.

आधी किरकोळ गोंधळ. या साखरेचा रक्तातल्या साखरेशी संबंध नाही. एचबीए१सीमध्ये (मधुमेहाच्या तपासणीत) ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपसूक चिकटलेले असते. फ्यूकोज ज्या साखरेच्या साखळीचा भाग आहे, ती साखळी प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी घडवतानाच एन्झाइमने जोडतात. चहातली साखर बंद करून फ्यूकोज वाढत नाही.

खरी महागात पडणारी चूक म्हणजे एकूण आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य वर्ग) मोजणे. निरोगी माणसाच्या आयजीजीपैकी साधारण ९४ टक्क्यांवर फ्यूकोज असतेच. स्पाइक या विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी या गर्दीत बुडून जातात. त्यात वय वाढते तसे आयजीजीवरचे गॅलॅक्टोज (साखळीतली दुसरी एक साखर) घटते आणि गंभीर रुग्ण बहुधा वयस्कर. मग तुम्ही विषाणूचा परिणाम मोजता की वाढदिवस? प्लेटवर स्पाइक लावा, सीरम सोडा, नीट धुवा, चिकटलेले आयजीजी आम्लाने सोडवून घ्या, मग ट्रिप्सिनने त्याचे तुकडे (पेप्टाइड) करा आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने तुकड्यांचे वजन मोजा. तुलना समवयस्कांशीच करा.

नमुना कोणत्या दिवशी घेतला, याकडेही सर्रास दुर्लक्ष होते. फ्यूकोजची कमतरता अँटिबॉडी नुकत्या दिसू लागतात तेव्हा ठळक असते आणि पुढच्या काही आठवड्यांत भरून येते. आयसीयूतल्या रुग्णाचा दहाव्या दिवसाचा नमुना आणि घरी बऱ्या झालेल्याचा चाळिसाव्या दिवसाचा शेजारी ठेवलात, तर फरक दिसणारच. दिवस लक्षणांपासून मोजा, ॲडमिट झाल्यापासून नव्हे.

यंत्रावरही एक सापळा आहे. आयजीजीचे चार उपप्रकार असतात. आयजीजी४ चा साखळीवाला पेप्टाइड आणि काहीजणांतल्या आयजीजी३ चा पेप्टाइड यांत टायरोसिन आणि फेनिलअलानिन या अमिनो आम्लांची फक्त जागांची अदलाबदल असते. वजन तंतोतंत तेच! सुरुवातीला आयजीजी१ वरच बोला. आणि साखळ्या पीएनजीएज-एफ या एन्झाइमने आधीच कापून घेतल्या, तर त्या कुठल्या उपप्रकारावरच्या होत्या हे कायमचे हातचे जाते.

आता अर्थ लावताना. फ्यूकोज नसलेली अँटिबॉडी एनके पेशी आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींवरच्या सीडी१६ए ग्राहीला जास्त घट्ट धरते. प्रयोगशाळेत फुफ्फुसातल्यासारखे मॅक्रोफेज भडकले, ते अशा अँटिबॉडी भरपूर प्रमाणात असताना. म्हणून टायटर (अँटिबॉडीचे प्रमाण) न देता नुसते फ्यूकोजचे टक्के छापणे अर्धवट काम आहे. तशी ही घट्ट पकड उपयोगाचीही असते. ओबिन्युटुझुमॅब हे कर्करोगाचे औषध मुद्दाम कमी फ्यूकोजचे बनवतात.

एमआरएनए लशीनंतर काहींत फ्यूकोज थोडा काळ उतरते, पण टायटर चढेपर्यंत ते सावरते. आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशील्ड घेतली, ती एमआरएनए लस नव्हे. त्यांच्यावर फायझरच्या एमआरएनए लशीचे आकडे चिकटवू नका.