नर्सिंग सिम्युलेशन घेताना टीचर लोकांनी या चुका टाळा

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या सुधारित बीएस्सी सिलॅबसमध्ये सिम्युलेशन (खऱ्या पेशंटऐवजी खोटी केस उभी करून सराव) आलंय, लॅबही झाल्यात, पण बऱ्याच ठिकाणी मॅनिकिनवर (पेशंटच्या पुतळ्यावर) जुनीच प्रोसीजर घटवून घेतात आणि निर्णय घ्यायची वेळ मुलांवर येतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डायग्नोसिस आधीच सांगून टाकणं. "आज पीपीएच (डिलिव्हरीनंतरचं जास्त ब्लीडिंग) घेऊया" म्हटलं की संपलं, युटेरस (गर्भाशय) मसाज, ऑक्सिटोसिन 10 युनिट आयएम (स्नायूत), सगळं धडाधड पाठ म्हणून दाखवतात. त्यापेक्षा हँडओव्हर (पेशंट सोपवताना द्यायची माहिती) असा द्या की नॉर्मल डिलिव्हरी होऊन तास झालाय, पेशंटला गरगरतंय, पल्स 96, बीपी 116/74. मग पल्स हळूहळू 120 वर न्या पण बीपी फारसं पाडू नका, कारण तरुण बाईचं बीपी बरंच रक्त गेल्यावरही टिकून राहतं आणि तेवढं बघून मुलं निर्धास्त होतात. चादरीखाली लाल पाणी ओतून ठेवा. पॅड कोण बघतं, कमरेखाली हात कोण घालतं, फंडस (युटेरसचा वरचा भाग) मऊ लागतोय हे कोणाच्या लक्षात येतं, खरी परीक्षा तिथेच आहे.

मॉनिटर कायम चालू ठेवू नका, नाहीतर पेशंटला कोणी हातच लावत नाही. मोजेल त्यालाच आकडा सांगा.

मुलगी थबकली की आपल्याला राहवत नाही, लगेच "अगं पॅड बघ ना" निघतं तोंडून. दोन मिनिटं गप्प बसा हो! अगदीच अडकली तर पेशंटच्या आवाजात बोला, "सिस्टर, खाली ओलं ओलं लागतंय". आणि डॉक्टरांना फोन केला तर फोनवर तुम्ही खरोखर बोला, ब्लीडिंग किती, युटेरस कसा आहे, विचारा.

डीब्रीफिंग (सिनॅरिओ संपल्यावरची चर्चा) दहा मिनिटांत उरकू नका, सिनॅरिओला लागला त्यापेक्षा जास्त वेळ द्या. "ऑक्सिटोसिन विसरलीस" ने सुरुवात केली की पोरं गप्पच होतात. "पल्स वाढली तेव्हा काय वाटलं?" असं विचारा, कोणीतरी म्हणेल की मॅडम, वाटलं घाबरलीये म्हणून वाढली असेल, बस, चूक विचारात कुठे झाली ते सापडलं. मार्क मात्र इथे देऊ नका, त्याला ओस्की (स्टेशनवार प्रॅक्टिकल परीक्षा) आहे.

पुढच्या बॅचला उत्तर फुटलेलं असतंच, म्हणून केस थोडी बदला: फंडस टणक, म्हणजे युटेरस नीट आकसलाय, तरी ब्लीडिंग चालूच, म्हणजे आता मसाज करत बसण्यापेक्षा टिअर (प्रसूतिमार्गात फाटलेली जागा) शोधायला हवी.