बंद कारखान्याच्या जागेवर बाग करायची तर आधी माती

मी नाशिकच्या सातपूरला २२ वर्षं क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा चढवायच्या टाक्यांवर काम केलं. आमच्या कॉलनीशेजारच्या बंद शेडच्या जागेवर बाग करायचं ठरलं तेव्हा सगळे रोपांची यादी करत होते. मी एकच विचारत होतो : टाक्या कुठे होत्या?

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. तिथे राबलेला एखादा जुना कामगार गाठा, त्याला जागेवर न्या आणि टाकी, गटार, तेलाची पिंपं, भंगाराचा कोपरा चुन्याने आखून घ्या. नकाशात हे सापडत नाही.

मग माती. प्रत्येक खुणेजवळचा नमुना वेगळा घ्या : एक वरच्या वीतभरातला, एक हातभर खालचा. शेतातले नमुने आपण एकत्र कालवतो; इथे तसं केलं तर टाकीजवळचं विष चांगल्या मातीत लपून जातं. क्रोमचा मुलामा असलेलं अवजार वापरू नका. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळतं, धातू नाही. शिसं, कॅडमियम, निकेल, एकूण क्रोमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) यांची तपासणी लेखी मागा. हे शेवटचं सगळ्यात वाईट. ते पाण्यात विरघळतं, पावसाबरोबर खाली उतरतं. आपल्याकडे ते नासर्डी नदीत गेलं की पुढे गोदावरीच. म्हणून अहवाल हातात येईपर्यंत कोबा फोडू नका, पाऊस त्यानेच अडवून धरलाय.

तेलकट जागेला उपाय आहे. अमेरिकेत सिएटलला १९०६ ते १९५६ गॅस बनवणारा कारखाना होता. तिथे बाग करताना उद्यानरचनाकार रिचर्ड हाग यांनी जुने मनोरे तसेच ठेवले आणि तेलकट मातीत सांडपाण्याचा गाळ व लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंना कामाला लावलं. १९७५ मध्ये ती बाग खुली झाली. तरी नंतरही डांबर जमिनीतून वर येत राहिलं, हे विसरू नका. शिवाय जिवाणू तेल खातात, शिसं खात नाहीत. धातू निघाले तर तज्ज्ञांना बोलवा. तोवर तेवढा भाग कोब्याखालीच राहू द्या. त्यावर बाकं टाका, मुलांना बॅडमिंटन खेळू द्या.

स्वच्छ निघालेल्या भागात पहिल्या दोन पावसांनंतर करंज, कडुनिंब, बहावा लावा. पेरू, जांभूळ, भाजी नको. मुलं तोडून खाणारच. उघडी माती ठेवू नका, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि धूळ उडते. पालापाचोळा पसरा.

उताराच्या कडेला वाळा चांगला. त्याची मुळं खूप खोल जातात, माती धरतात आणि धातूही ओढून घेतात. पण आपल्याकडे चैत्र लागला की वाळ्याची जुडी माठात पडते. म्हणून ‘हा वाळा पाण्यात टाकू नये, गुरांना घालू नये’ ही पाटी आधी ठोका, मगच वाळा लावा.