आइस हॉकीत गोल राखताना जागा कशी घ्यावी : सीमाभागातील नवोदितांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील जी मुले रोलर स्केटिंगमधून आइस हॉकीकडे वळू पाहतात, त्यांतील गोलरक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. आपल्याकडे बर्फ नाही आणि लेहमधला नैसर्गिक बर्फही हिवाळ्यातले मोजके आठवडेच टिकतो. तरीही योग्य जागा घेणे, हा गोलरक्षणाचा पाया, सिमेंटच्या मैदानावर बऱ्याच अंशी पक्का करता येतो, असा माझा अनुभव आहे.

गोलरक्षणाचा वारसा आपल्या भागाला नवा नाही. 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचा गोल सांभाळणारे शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे होते आणि त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावातच आहे. मात्र मैदानी हॉकीचा गोल 12 फूट रुंद व 7 फूट उंच असतो, तर आइस हॉकीचा अवघा 6 फूट रुंद व 4 फूट उंच. पायांवर पॅड, स्टिकच्या हातात ब्लॉकर (सपाट, जाड हातमोजा) आणि दुसऱ्या हातात कॅचिंग ग्लोव्ह (झेलण्याचा हातमोजा) चढवलेला गोलरक्षक त्यातला बराच भाग नुसत्या उभे राहण्याने झाकतो. म्हणूनच येथे झेप घेण्यापेक्षा फटका बसण्याआधी जागेवर पोहोचून स्थिर होणे अधिक मोलाचे ठरते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर गोलच्या दोन्ही खांबांना तळाशी दोरी बांधून त्यांची टोके समोर 30 फुटांवर ठेवलेल्या पकपाशी (आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) एकत्र आणावीत. गोलरेषेवर दोऱ्यांमध्ये 6 फुटांचे अंतर असते. 5 फूट पुढे आल्यावर ते 5 फूट उरते आणि 10 फूट पुढे आल्यावर 4 फूट. मग आणखी पुढे का जाऊ नये? कारण पक बाजूच्या साथीदाराकडे गेला, तर पुढे आलेल्या गोलरक्षकाला तितकेच लांब अंतर कापून नव्या रेषेत यावे लागते आणि मागे गोल मोकळा राहतो. पास देण्याजोगा साथीदार दिसत असेल, तर क्रीझच्या (गोलसमोरच्या आखलेल्या भागाच्या) आतच राहावे, असे माझे ठाम मत आहे. एकटा खेळाडू चालून येत असेल, तर मात्र आधी पुढे येऊन त्याच्या वेगाशी जुळवत मागे सरकावे.

रेषा धरायची ती पकची, खेळाडूच्या छातीची नव्हे. पक स्टिकच्या पात्यावर, शरीराच्या एका बाजूला असतो. नवोदितांची सर्वाधिक गल्लत येथेच होते. दोन आक्रमकांसमोर एकच बचावपटू असेल, तेव्हा त्याने पासची वाट अडवावी आणि गोलरक्षकाने फटका मारणाऱ्याकडे लक्ष द्यावे. ही वाटणी सरावातच बोलून ठरवावी, कारण दोघेही पकवर धावले की दुसरा आक्रमक मोकळा सुटतो.

गुडघ्यांवर बसून पॅड दोन्ही बाजूंना पसरण्याची बटरफ्लाय पद्धत सिमेंटवर बसण्याउठण्यापुरतीच घोटून घ्यावी. बसल्या जागी सरकणे बर्फावरच जमते. चाकांऐवजी बर्फावरच्या स्केटच्या पात्यांवर आडवे होऊन थांबण्याची सवयही तिथे नव्याने लावावी लागते. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर असल्याने सुरुवातीला विश्रांती घेऊन शरीर हवेला सरावू द्यावे आणि त्यानंतरच पॅड चढवावेत.