थ्रेट मॉडेलमधली गृहीतकं: कोण कोणाच्या भरवशावर आहे याची नोंद कशी ठेवायची

थ्रेट मॉडेल म्हणजे सिस्टिमला कुठून काय धोका आहे आणि तो कसा अडवलाय याची नोंद. पेमेंट सर्व्हिसच्या थ्रेट मॉडेलमध्ये लिहिलेलं असतं, ‘गेटवेकडून आलेली रिक्वेस्ट तपासलेलीच असते.’ गेटवेच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्ट आधी घेणाऱ्या सर्व्हिसच्या, मॉडेलमध्ये असतं, ‘आम्ही टोकनची (ओळख पटवणाऱ्या डिजिटल पासाची) सही तपासतो, टोकन कोणासाठी दिलंय ते मागची सर्व्हिस पाहील.’ दोन्ही मॉडेलं रिव्ह्यूत पास होतात, पण टोकनचा ऑडियन्स, म्हणजे ते कोणत्या सर्व्हिससाठी आहे, हे कोणीच तपासत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०२३ मध्ये स्टॉर्म-०५५८ या हॅकर गटाने मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांसाठीच्या, टोकनवर सही करणाऱ्या चावीने टोकनं बनवून सरकारी मेलबॉक्स उघडल्या. चावी कशी गेली हा वेगळा विषय. ती एंटरप्राइज, म्हणजे संस्थांच्या, मेलला चालली कशी, याचा खुलासा कंपनीनेच केला: मेल टीमने धरून चाललं की लायब्ररी (वापरलेला तयार कोड) पूर्ण पडताळणी करते, पण लायब्ररी चावीची कक्षा, म्हणजे ती कोणत्या खात्यांसाठी आहे, हे आपोआप तपासत नव्हती.

सुरुवात जुन्या मॉडेलांतून गृहीतकं उपसण्यापासून करा. ‘इंटर्नल’, ‘ट्रस्टेड’, ‘आधीच व्हॅलिडेट झालेलं’, ‘स्कोपबाहेर’ हे शब्द शोधा. आकृतीत ट्रस्ट बाउंडरी (जिच्या पलीकडून आलेल्यावर आंधळा भरवसा ठेवायचा नाही ती रेषा) ओलांडणारा प्रत्येक बाण बघा. मायक्रोसॉफ्टचं थ्रेट मॉडेलिंग टूल वापरत असाल, तर ‘नॉट ॲप्लिकेबल’ केलेल्या धोक्यांचा जस्टिफिकेशनचा रकाना आधी वाचा. सगळ्यात जास्त माल तिथेच दडलेला असतो.

मग प्रत्येक वाक्य असं लिहा, की ते खोटं आहे का हे तपासता येईल. ‘नेटवर्क सुरक्षित आहे’ याचा काही उपयोग नाही. ‘८४४३ पोर्टवर गेटवेचं क्लायंट सर्टिफिकेट नसेल तर जोडणीचा हँडशेकच तुटतो’ हे तपासता येतं. नोंद यामल (साध्या ‘नाव: मूल्य’ ओळींच्या) फाइलमध्ये, कोडशेजारीच ठेवा:

गृहीतक: ग-पेमेंट-०७
विधान: ऑडियन्स ‘पेमेंट’ नसलेलं टोकन गेटवे पुढे सोडत नाही
भिस्त: ह-गेटवे-०३, आवृत्ती २
मोडलं तर उघडे पडणारे धोके: स्पूफिंग-११ (खोटी ओळख), अधिकारवाढ-०४
पुरावा: चुकीच्या ऑडियन्सचं टोकन पाठवणारी टेस्ट, अपेक्षित उत्तर ४०१ (ओळख अमान्य)
मालक: पेमेंट टीम

‘भिस्त’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘ह’ म्हणजे हमी, आणि ती गेटवे टीमने स्वतःच्या फाइलमध्ये लिहून मान्य केलेली हवी. समोरून हमी मिळत नसेल तर ते गृहीतक राहत नाही. त्याने झाकलेले धोके पुन्हा ‘ओपन’ करा आणि तपासणी आपल्याच सर्व्हिसमध्ये घाला. इथे बरीच तू-तू मैं-मैं होते. होऊ द्या, प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टिम) पडल्यावर होण्यापेक्षा बरी.

क्लाउड कंपनी तुमच्या फाइलवर सही करणार नाही. तिथे कंपनीचं नाव हा पुरावा धरू नका, सेटिंग धरा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडने आयएमडीएसव्ही२ (सर्व्हरला त्याचा मेटाडेटा टोकन मागून देणारी सेवा) नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं, पण इन्स्टन्सवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, एचटीटीपी-टोकन्स ही सेटिंग ‘रिक्वायर्ड’ नसेल तर जुना, टोकनविना मेटाडेटा देणारा मार्गही चालू राहतो. म्हणून पुरावा हवा तो प्रत्येक इन्स्टन्सची ही सेटिंग वाचणाऱ्या तपासणीचा.

आता सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) एक छोटी स्क्रिप्ट. तिने चार गोष्टींवर बिल्ड पाडावी: अस्तित्वात नसलेल्या हमीवरची भिस्त, जुन्या आवृत्तीवरची भिस्त, पुरावा नसलेली नोंद, आणि चक्र. चक्र म्हणजे ‘अ’ची भिस्त ‘ब’वर आणि त्याच तपासणीसाठी ‘ब’ची ‘अ’वर. तीन-चार सर्व्हिसेसमधून फिरून येणारं चक्र माणसाच्या नजरेतून हमखास सुटतं. हीच स्क्रिप्ट उलटी चालवता आली पाहिजे: ह-गेटवे-०३ बदलली तर थेट आणि आडून कोणाकोणाला फटका, ही यादी.

हमी बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टला (कोड बदलाच्या प्रस्तावाला) त्या यादीतल्या प्रत्येक टीमची मंजुरी घ्या. गिटहबची कोडओनर्स फाइल (कोणत्या कोडला कोणाची मंजुरी लागते ती यादी) एकटी इथे पुरत नाही: एका ओळीत पाच टीम लिहिल्या तरी कोणा एकीची मंजुरी आली की गिटहबचं समाधान होतं. मंजुऱ्या स्क्रिप्टनेच मोजाव्यात.

बिघडतं ते बहुधा नोंदींच्या ढिगामुळे. ‘एईएस हे एन्क्रिप्शन फुटलेलं नाही’ असली सगळ्यांनाच लागू गृहीतकं एकदाच, सामायिक फाइलमध्ये लिहा. बाकीच्यांत जी मोडल्यावर पैसा किंवा ग्राहकांचा डेटा जाईल, ती आधी घ्या. दर सहामाही फेरतपासणीची तारीख टाकायला हरकत नाही, पण नुसत्या तारखेवर विसंबलात तर लोक डोळे मिटून टिक करतात. खरी फेरतपासणी बदलाला बांधलेली असावी. रद्द झालेल्या नोंदीचा क्रमांक पुन्हा वापरू नका, जुन्या मॉडेलातले दुवे चुकीच्या जागी जातात.

आणि पुराव्याच्या टेस्ट स्टेजिंगबरोबर (चाचणीसाठीच्या प्रतीबरोबर) प्रॉडक्शनवरही चालवा, गेटवेला वळसा घालणाऱ्या वाटेनेसुद्धा. मायग्रेशनसाठी ‘दोन दिवस’ म्हणून उघडलेला दुसरा लोड बॅलन्सर (सर्व्हरांवर रिक्वेस्ट वाटणारा) त्यातच सापडतो.