कासदाहाच्या अभ्यासाची नोंदवही सर्वांसाठी खुली करताना

गाईंच्या कासदाहाच्या (कासेला सूज येण्याच्या आजाराच्या) अभ्यासाची एक्सेल फाइल आहे तशी अपलोड केली, तर दुसऱ्याला ती उमगत नाही आणि गोठ्याच्या मालकाची ओळख मात्र उघडी पडते. शेतकऱ्याने विश्वासाने गोठ्यात येऊ दिलेलं असतं, म्हणून सुरुवात संमतीपत्रापासून करा. माहिती इतर संशोधकांना दिली जाईल असं त्यात लिहिलेलं नसेल, तर आधी एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे) जा.

मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर काम करा. एका ओळीत एका भेटीतली एका सडाची नोंद हवी. 60 गाई, 4 सड, 3 भेटी म्हणजे 720 ओळी. 714 भरल्या तर उरलेल्या सहा कुठे गेल्या ते शोधा. बहुतेकदा बाद झालेल्या सडाच्या ओळी कुणीतरी काढून टाकलेल्या असतात. त्या परत घाला आणि तिथे 'सड बाद' असा कोड द्या. सीएमटीचं (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधावरून कासदाह ओळखण्याच्या चाचणीचं) 0 म्हणजे तपासणी झाली, दोष नाही. तपासणीच झाली नसेल तर 'एनए' (माहिती नाही) लिहा. रिकामा चौकोन दोन्हींपैकी काहीही वाटू शकतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो कानातल्या बिल्ल्याच्या 12 अंकी क्रमांकाने. एक्सेल तो 1.05ई+11 असा दाखवतं आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करताना तेवढंच लिहितं. मग डझनभर गाई एकाच क्रमांकाच्या होतात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. म्हणून आकडे टाकण्याआधीच त्या रकान्याला 'टेक्स्ट' करा. खुल्या प्रतीत मात्र हा क्रमांक ठेवूच नका, कारण सरकारी नोंदीत तो मालकाशी जोडलेला असतो. त्याऐवजी 001, 002 असे कोड द्या, तेही क्रम पिसून. भेटीच्या क्रमाने दिले तर गाव सहज ओळखू येतं. कोणता कोड कुठल्या गाईचा, ही यादी वेगळी, पासवर्डखाली ठेवा.

जीपीएसचे सहा दशांश म्हणजे थेट गोठ्याचं दार. दोन दशांश ठेवले की जागा साधारण किलोमीटरभर सैल होते. गावात मोठा गोठा एकच असेल तर तेही पुरत नाही, तिथे फक्त तालुका द्या. तारखांऐवजी महिना-वर्ष आणि दोन भेटींमधले दिवस ठेवा. महिनाच काढला तर पावसाळ्याचा परिणाम तपासता येणार नाही. 'शेरा' रकाना ओळ न् ओळ वाचा, नावं आणि फोन नंबर तिथेच लपलेले असतात.

प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक रीडमी फाइलमध्ये (सोबत दिलेल्या माहितीपत्रकात) लिहा. दूध एका वेळचं की दिवसभराचं? लिटर की किलो? दुधाच्या एका मिलिलिटरमधल्या पेशींची संख्या 200 म्हणजे दोनशे की दोन लाख?

फाइल सीएसव्ही यूटीएफ-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरी अक्षरांजागी प्रश्नचिन्हं उमटतात. झेनोडोवर (संशोधनाच्या फाइली खुल्या ठेवण्याच्या संकेतस्थळावर) एका नोंदीत 50 जीबीपर्यंत मावतं आणि डीओआय (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा क्रमांक) मिळतो. परवाना सीसी-बाय (श्रेय देऊन कुणीही वापरावं) किंवा सीसी-झिरो (कुठलीही अट नाही) निवडा.

'पब्लिश' दाबण्याआधी अभ्यासात नसलेल्या सहकाऱ्याला फाइल द्या आणि तुमच्या लेखातला एक तक्ता त्यावरून काढायला सांगा. तो जे जे विचारेल, त्याचं उत्तर रीडमीत घाला.