जुन्या ओम्नीचा ‘टक्’ आवाज: क्रॉस कसा ओळखावा, निवडावा आणि बसवावा

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडीच्या पोटाखालून ‘टक्’ असा आवाज येतो. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘टक्’. जुनी ओम्नी चालवणाऱ्याला हा आवाज सांगावा लागत नाही. कोल्हापुरात या गाड्या अजून रोज राबतात. कुणी केटरिंगची भांडी नेतो, कुणी भाजी, कुणी मंडपाचं सामान. १९८४ साली रस्त्यावर आलेली ही व्हॅन २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता प्रत्येक ओम्नी जुनीच. म्हणूनच तिचे पार्ट नीट पारखून घेणं फार गरजेचं झालं आहे.

माझी ओम्नी अशीच वाजायला लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये ‘डिफ गेलाय’ असं सांगून जुन्या बाजारातला डिफ (डिफरन्शियल, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी) बसवून दिला. पैसे गेले आणि आवाज तसाच राहिला. दोष होता प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या लांब दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या सांध्यात, जो डिफच्या मानानं अगदी किरकोळ किमतीत येतो. तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं: आवाज कुठल्या पार्टचा आहे हे स्वतःच्या हातानं तपासल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आधी आवाज ओळखा

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सला, तिथून प्रोपेलर शाफ्टनं मागच्या डिफला आणि डिफमधून चाकांना जाते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. क्रॉसच्या चार बोटांवर, आत सुयांसारखी बारीक बेअरिंगं असलेल्या टोप्या बसतात, त्यांना कप म्हणतात. मागचे पाटे खाली-वर होतात तसा शाफ्टचा कोन बदलत राहतो, आणि तो कोन सांभाळायचं काम क्रॉसचं.

गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागचा भाग जॅकनं उचलून मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगखाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, कितीही घाई असली तरी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. आता एका हातानं शाफ्ट आणि दुसऱ्या हातानं डिफची फ्लँज (जिला शाफ्ट बोल्टनं जोडलेला असतो ती चकती) धरून उलटसुलट पिळा. क्रॉसच्या कपाजवळ बोट टेकवलंत तर जराशीही हालचाल बोटाला कळते. तिथं ढिलेपणा असेल तर क्रॉस गेला. क्रॉस घट्ट आहे, पण फ्लँज आणि शाफ्ट दोन्ही मिळून थोडे फिरतात, तर ती डिफच्या दातांमधली फट असते. थोडी फट असायलाच हवी, तेवढ्यानं घाबरू नका.

हळू चालताना ‘चिक चिक’ आवाज येत असेल तर क्रॉस कोरडा पडलाय. कपाच्या कडेला तांबूस गंजाची पूड दिसली की खात्रीच. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना मागून सूर निघतो, तो बहुधा डिफचा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) बघा. आणि पन्हाळ्याच्या चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, वर जळका वास येतोय, तर क्लच प्लेट संपली.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात उभी राहिलेली गाडी घेतली असेल तर डिफचं ऑइल आधी काढून बघा. ते ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी शिरलं होतं. अशा डिफमधली बेअरिंगं तपासल्याशिवाय नवा क्रॉस घालण्यात अर्थ नाही.

पार्ट निवडताना

जुना क्रॉस काढून सोबत न्या. शक्य असेल तर व्हर्नियरनं दोन मापं घ्या: कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी. ‘ओम्नीचा क्रॉस द्या’ एवढंच सांगू नका. गाडीचं साल आणि चेसिस नंबर लिहून न्या. सर्क्लिप (कप जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) कुठं बसते तेही जुन्याशी ताडून बघा. मापात एक मिलिमीटरचा फरक असला तरी सर्क्लिप खाचेत बसणार नाही.

दुकानातच एक कप हळूच काढून आत बघा. बारीक सुया एकमेकींना लागून, ग्रीसमध्ये सलग उभ्या असाव्यात, मध्ये जागा सुटलेली नसावी. क्रॉसची बोटं आरशासारखी गुळगुळीत हवीत. कंपनीचा मार्क, होलोग्राम, डबा सगळं बघा, पण शेवटी बोट फिरवूनच पारखा.

आपल्या उद्यमनगरात लेथवर काय घडत नाही? त्यामुळं झिजलेल्या क्रॉसच्या बोटांवर वेल्डिंग भरून घासून घ्यावं, असं वाटणं साहजिक आहे. ते करू नका. क्रॉसचा फक्त वरचा थर उष्णता देऊन कठीण केलेला असतो, आतलं पोलाद मऊ आणि चिवट राहतं. वेल्डिंगनं तो थर जातो आणि नव्या सुया काही आठवड्यांत चर पाडतात. शाफ्टचा कान (ज्याच्या भोकात कप बसतो तो भाग) वाकलेला असेल किंवा कपाचं भोक सैल झालं असेल तर मात्र चांगल्या लेथवाल्याला दाखवा आणि नंतर शाफ्ट बॅलन्स करूनच बसवा.

डिफच बदलायची वेळ आली तर क्राऊन आणि पिनियन (डिफमधलं मोठं आणि छोटं दातेरी चाक) जोडीनंच घ्या. एक नवं, एक जुनं चालत नाही. जुन्या बाजारातून घेताना दात मोजा: क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ८ असतील तर गुणोत्तर ५.१२५. तुमच्या जुन्या डिफचं तेवढंच आलं पाहिजे, नाहीतर चढाची ताकद आणि स्पीडोमीटर दोन्ही बिघडतात. क्लचचं काम गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही, म्हणून ते गॅरेजला द्या. पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदलायला सांगा.

क्रॉस बसवताना

शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर आणि शाफ्टवर पांढऱ्या रंगानं एकाच रेषेत खूण करा. ही खूण चुकली की ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि कारण सापडता सापडत नाही. फ्लँजचे चार बोल्ट सोडा, शाफ्ट मागं घेऊन गिअरबॉक्सच्या टोकातून ओढून काढा. तिथून ऑइल गळतं, म्हणून लगेच प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा.

सर्क्लिपांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलंत तर त्या मुकाट्यानं निघतात. कप काढायला हातोडा लागत नाही. व्हाईसच्या एका जबड्याला कपापेक्षा बारीक सॉकेट, दुसऱ्याला कप आत मावेल एवढं मोठं सॉकेट धरा आणि हळूहळू आवळा. कप मोठ्या सॉकेटमध्ये उतरतो. भोकं पॉलिश पेपरनं साफ करा, खाचेतली माती सुईनं काढा.

आता सगळ्यात नाजूक टप्पा. नवा कप दाबताना क्रॉसचं बोट आधीच कपात थोडं शिरवून ठेवा, म्हणजे सुया जागेवर राहतात. माझ्यासमोर एका जुन्या मिस्त्रींनी कप दाबला, सर्क्लिप खाचेपासून सुतभर अलीकडेच अडली. ते म्हणाले, “थांब, ठोकू नको. सुई आडवी पडलीया.” कप काढला, तर तळाशी खरंच एक सुई आडवी झाली होती. ग्रीस लावून ती उभी केली, आणि दुसऱ्यांदा सर्क्लिप ‘टच्’ करून बसली. सर्क्लिप बसत नसेल तर ताकद लावायची नाही, कप काढून बघायचा.

चारही कप बसल्यावर शाफ्टच्या कानांवर बाहेरून लाकडी हातोडीनं हलके ठोके द्या, म्हणजे क्रॉस मधोमध येतो. तो हातानं सगळ्या बाजूंना सारखाच, किंचित घट्ट फिरला पाहिजे. एका दिशेला अडकत असेल तर तसाच बसवू नका. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर चारही कपांच्या कडेनं थोडं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.

शाफ्ट घालताना गिअरबॉक्सच्या मागच्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा, खुणा जुळवा आणि फ्लँजचे बोल्ट समोरासमोर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. जुने नट सैल वाटले तर नवेच टाका. गळालेलं ऑइल भरून घ्या. डिफला जीएल-५ दर्जाचंच ऑइल लागतं. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला, कारण जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कडीला) मानवत नाहीत.

पहिली चक्कर रंकाळ्याभोवती रिकाम्या गाडीनं मारा. मग भरून गगनबावड्याला जा, साधारण ५५ किलोमीटर. परत आल्यावर गाडी थंड झाली की खाली शिरून ते चार बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं बघा. पावसाळा संपला की निप्पलमध्ये ग्रीस भरा, पाण्यानं आतलं बरंच धुऊन गेलेलं असतं.